इंजिनातली प्रोमाया

तिहोमिर मिस्त्रीला रादोयका पहिल्यांदा भेटली त्या दिवशी बेलग्रेडच्या विमानतळावर दोन कबुतरं हवेतल्या हवेत उलटी झाली, शेजारच्या गोदामाचा पत्रा उडून थेट हंगेरीत जाऊन पडला, आणि तिहोमिरच्या मिशीची डावी बाजू जी उजवीकडे वळली ती आजतागायत सरळ झालेली नाही. हे सगळं अर्थात तिहोमिरचं सांगणं. पत्र्याचा प्रवास तो दरवर्षी थोडा लांबवतो. सुरुवातीला तो पत्रा नुसता पलीकडच्या बटाट्याच्या शेतात पडला होता. मिशीचं मात्र खरं आहे. ती कोणालाही जाऊन पाहता येते.

घडलं होतं ते एवढंच, की विमानं दुरुस्त करायच्या त्या अवाढव्य शेडचे पूर्वेचे आणि पश्चिमेचे असे दोन्ही दरवाजे या बाईने एकाच वेळी उघडले होते. हे दरवाजे विमान जाईल एवढे मोठे. त्यातला एक पुरता बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता. आगीशी खेळू नये हेसुद्धा कुठे लिहिलेलं नसतं. कारण दोन्ही दारं उघडली की मधून प्रोमाया वाहते.

आता समोरासमोरच्या दोन फटींमधून वाहणारा वारा म्हणजे प्रोमाया, हे सर्बियात कोणी कोणाला शिकवत नाही. ते आईच्या दुधातून येतं. प्रोमायेने मान आखडते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं गारठतात, बाईची कूस धरत नाही आणि पुरुषाची नोकरी टिकत नाही. भर उन्हाळ्यात बंद बसमध्ये माणसं वांग्यासारखी भाजून निघतील, पण दुसरी खिडकी उघडणाऱ्याकडे त्याने चाकू काढल्यासारखं बघतील. तिहोमिरला विमानाच्या इंजिनाची नस नि नस ठाऊक होती, तरी बारा महिने गळ्याला मफलर असे. झोपतानासुद्धा.

तर त्या दिवशी शेडमधले सगळे मिस्त्री एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून कोपऱ्यात पळाले. एकटा तिहोमिर वाऱ्याला तोंड देत पुढे आला आणि म्हणाला, "बाई, दार लावा. आत माणसं आहेत."

"माणसं आहेत म्हणूनच उघडलंय," ती म्हणाली आणि अंगातला निळा कोट काढून तिने त्याच्या नाकाखाली धरला. "हुंगा."

तिहोमिरने हुंगलं. आठवडाभर बुटात राहिलेल्या, भिजलेल्या, मग विसरलेल्या मोज्यांचा वास होता. त्याने अदबीने विचारलं, कोणाचे मोजे?

"तुमच्या विमानाचे," रादोयका म्हणाली.

रादोयका सिमेउनोविच एका लहानशा विमान कंपनीत केबिनची प्रमुख होती. ही कंपनी उन्हाळ्यात लोकांना ग्रीस नि तुर्कस्तानच्या समुद्रावर नेऊन सोडायची आणि भाजल्यावर परत आणायची. वय पन्नाशीपलीकडे. अजूनही कोणी तिला हवाई सुंदरी म्हणालं, तर ती त्या माणसाला कॉफी देताना साखर विसरायची. आवाज असा, की तिच्या सूचनांना माइक लागायचा तो केवळ नियम म्हणून. बेलग्रेडला चिकटलेल्या झेमूनच्या एका नावाड्याची ती मुलगी. डॅन्यूबवरचा कोशावा वारा पाळण्यातच अंगावर घेतलेला, त्यामुळे प्रोमायेवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. अख्ख्या देशात असा विश्वास नसलेली ती एकटीच असावी. घरी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या टाकून झोपायची. नवऱ्याने पहिल्या हिवाळ्यातच घटस्फोट मागितला, आणि न्यायाधीशाने कारण ऐकल्यावर पुढे एकही प्रश्न विचारला नाही म्हणतात.

विमानात तिचं खरं युद्ध चालायचं. प्रत्येक प्रवाशाच्या डोक्यावर हवेची एक छोटी गोल झडप असते. सर्बियन माणूस विमानात शिरला की पट्टा बांधायच्या आधी ती झडप घट्ट बंद करतो. मग शेजाऱ्याची बंद करतो. मग मागे वळून अनोळखी बाईला विचारतो, ताई, तुमचीही करू का? ज्या झडपा पुरत्या बंद होत नाहीत त्यांत रुमाल कोंबले जातात; च्युइंगगम लावलेलं रादोयकाने पाहिलं होतं, आणि एकदा तर चक्क भाजलेल्या मिरचीचा तुकडा. विमान उडालं की ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झडपा उघडत जायची आणि तिच्या पाठोपाठ त्या बंद होत यायच्या. म्हाताऱ्या तिला म्हणायच्या, पोरी, तुला आई नाही का?

आणि आता हीच बाई, कोट हातात धरून, हवेबद्दल तक्रार करायला आली होती.

तक्रार एका विशिष्ट विमानाची होती. कंपनीकडे विमानं मोजकीच, त्यात सर्वांत जुनं जे होतं त्याला केबिनमधली माणसं मोजा म्हणत. मोजा खाली उतरायला लागला की तो वास यायचा. कधी मिनिटभर, कधी बराच वेळ. वासाचं कोणाला काही वाटत नव्हतं. विमान म्हटलं की कोणी ना कोणी बूट काढतोच. पण त्या वासानंतर रादोयकाचं डोकं ठणकायचं, आणि डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. तिच्या हाताखालची एक मुलगी दोनदा स्वयंपाकाच्या कोपऱ्यात भिंत धरून उभी राहिली होती. आणि शेडमध्ये आली त्याच आठवड्यात, तुर्कस्तानातल्या अंताल्याहून परत येताना, विमान धावपट्टीला टेकल्यावर, रादोयकाने माइक हातात घेतला, "सभ्य स्त्री-पुरुषहो, आपलं स्वागत आहे" इथपर्यंत म्हटलं आणि पुढे गावाचं नाव आठवेना. जिथे जन्म गेला त्या बेलग्रेडचं नाव. ती माइक धरून उभी राहिली. प्रवाशांनी विमान उतरल्याबद्दल नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. तिहोमिरने गळ्यातला मफलर सैल केला, यावरून तो किती हलला असेल ते समजावं.

त्याने तिला चहा दिला आणि साध्या शब्दांत समजावलं. विमानातली हवा आकाशातून खिडकीवाटे येत नाही, इंजिनातून येते. इंजिन बाहेरची हवा ओढतं, दाबतं, आणि त्यातली थोडी केबिनकडे वळवली जाते. त्यात आतलीच हवा गाळून मिसळतात. ती गाळणी उत्तम असते. शिंकांमधले जंतू ती पकडते, पण धूर नि वाफ तिला जुमानत नाहीत. आणि इंजिनातलं तेल जागच्या जागी अडवणारं एखादं कडं, म्हणजे ऑइल सील, थकलं, तर गरम तेलाची वाफ हवेच्या वाटेला लागते. मग मोज्यांचा वास येतो.

मग बदला ना ते सील, रादोयका म्हणाली.

इथे गाडी अडत होती. जमिनीवर तपासताना मोजा नव्या नवरीसारखा शहाणा असायचा. वासाचा मागमूस नाही. सील बघायला इंजिन उतरवायचं, म्हणजे विमान कितीतरी दिवस जमिनीवर. तेही सुट्टीच्या हंगामात. तसा हुकूम फक्त वुकाशिनसाहेब, म्हणजे कंपनीचे संचालक, देऊ शकत होते, आणि वास हे त्यांच्या लेखी बिघाडाचं लक्षण नव्हतं. वास ही प्रवाशांची खासगी बाब होती.

"मी हुकूम काढायला लावीन," रादोयका म्हणाली. चहाचा पेला तिने असा ठेवला की बशीला तडा गेला. तिहोमिरने ती बशी अजून टाकलेली नाही, पण तो विषय वेगळा.

ती आधी कंपनीच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी रक्त तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि खरं तेच सांगितलं: रक्तात काही दिसत नाही, अशा वाफेने कायमचं काही होतं का, यावर जगातल्या विद्वानांचं अजून एकमत नाही. इथवर ठीक होतं. मग त्यांनी तिच्या मानेकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला विद्वान बाहेर जाऊन त्यांच्या आईचा मुलगा आत आला. डोक्यावरची झडप उघडी ठेवता का? ठेवता. मग बाई, विचारायचं काय राहिलं.

मग ती वुकाशिनसाहेबांकडे गेली. साहेब तिला मान देत. एकदा तिने दारुड्या प्रवाशाला एका हाताने परत खुर्चीत बसवताना त्यांनी पाहिलं होतं. पण एका बाईच्या डोकेदुखीवर विमान थांबवता येत नाही, ते म्हणाले. आणखी कोणाला त्रास झालाय का ते दाखवा.

मग रादोयकाने प्रत्येक उड्डाणानंतर दारात उभं राहून, निरोप देता देता, प्रवाशांना विचारायला सुरुवात केली. वास आला? डोकं दुखलं? गरगरलं? आणि काय आश्चर्य, ज्याला विचारावं त्याचं काही ना काही दुखत होतंच. लोक जिन्यावर खोळंबून तपशीलवार सांगायचे. वैमानिक घरी जायचे ते मागे अडकून पडायचे. "दुखलं तर, पोरी! मानेपासून खालपर्यंत. मी यांना म्हटलंच, कुठूनतरी प्रोमाया येतेय." सगळे तिच्या बाजूचे होते. एकाही माणसाने वासाचं नाव काढलं नाही. लोकांनी घरी जाऊन कंपनीला फोन केले, साहेबांच्या ओळखीपाळखीतून निरोप पाठवले, एका निवृत्त कर्नलने तर स्वतः येऊन मान कुठपर्यंत वळत नाही ते करून दाखवलं.

वुकाशिनसाहेब पेचात पडले. त्रास खराच दिसत होता, आणि कारणही त्यांना पटत होतं. तेही माणूसच होते, घरी त्यांचीही खिडकी आईच्या परवानगीने उघडायची. त्यांनी ताबडतोब हुकूम काढला. मोजातल्या सगळ्या झडपा कायमच्या बंद करून वर चिकटपट्टी लावावी.

त्या दिवशी रादोयका पुन्हा शेडमध्ये आली. दरवाजे बंदच होते. तिने ते उघडलेही नाहीत, आणि याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली.

"मिस्त्री, झडपा बंद केल्या म्हणजे तेलाची वाफ थांबेल का?"

नाही थांबणार, तिहोमिर म्हणाला. भिंतीतल्या मोठ्या फटींमधून हवा येतच राहील. झडपा बंद झाल्याने फक्त आणखी उकडेल.

"म्हणजे मी एवढं करून काय मिळवलं?"

"चिकटपट्टी."

ती हसली नाही. तेव्हा तिहोमिरने, मफलरशी चाळा करत, मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट सांगितली. बाई, तुम्ही लोकांना तेल सांगता. तेल म्हटलं की त्यांना कोशिंबीर आठवते. तुम्ही त्यांना प्रोमाया सांगा. प्रोमायेपायी या देशात लग्नं मोडली आहेत, शाळा बंद ठेवल्या आहेत. एक इंजिन उतरवायचं तर काय घेऊन बसलात. ती इंजिनातून येते, एवढंच म्हणा. बाकीचं आम्ही बघतो.

रादोयकाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या मिशीची उजवी बाजूही थरथरली. "जन्मभर मी त्या झडपा उघडत आले," ती म्हणाली. "माझा संसार त्यापायी गेला. आणि आता मीच म्हणू, प्रोमाया आहे? मरेन, पण म्हणणार नाही."

"तुम्ही मेलात तर ठीक आहे," तिहोमिर म्हणाला. "ती भिंत धरून उभी राहणारी पोर?"

यावर ती निघून गेली. जाताना तिने दार मात्र हळूच लावून घेतलं.

पुढच्या खेपेला तिहोमिर स्वतः मोजातून कॉर्फूला गेला. वास स्वतःच्या नाकाने घ्यायचा, एवढाच त्याचा हेतू. शेवटच्या रांगेत, दोन मफलर लावून बसला. आणि त्याच विमानात, पहिल्या रांगेत, वुकाशिनसाहेबांच्या मातोश्री होत्या. पेर्सिदाआजी. वय ऐंशीच्या पुढे, उंची विमानाच्या खुर्चीएवढी, काळा पोशाख, मांडीवर लोणच्याची बरणी, कारण ग्रीसमध्ये माणसं काय खातात कोणास ठाऊक. मुलाला तिने जन्मात एकदाच उलट बोलू दिलं होतं, आणि तेव्हा तो तापात होता. विमानात शिरताच तिने वरच्या चिकटपट्ट्या बघितल्या आणि मुलाला मनोमन आशीर्वाद दिला.

वाटेत सगळं ठीक होतं. कॉर्फूजवळ मोजा खाली उतरायला लागला आणि वास आला. तिहोमिरने तो ओळखला. त्याच्या घशाला चरचरलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पुढे दोन-तीन लहान मुलं रडायला लागली. भिंत धरणारी ती मुलगी आज सरळ खालीच बसली. रादोयकाने तिला प्राणवायूचा मुखवटा लावला, वैमानिकाला कळवलं, आणि उरलेल्या केबिनमधून चालत निघाली, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत, आवाज अजिबात न चढवता. तिचा डावा हात ती अंगाशी धरून होती. तिहोमिरने हे मागून पाहिलं. पहिल्या दिवसापासून त्याला ही बाई म्हणजे वादळ वाटत आली होती. त्या क्षणी त्याला पहिल्यांदा कळलं की वादळही दमतं.

पहिल्या रांगेशी पेर्सिदाआजीने तिचा हात पकडला. आजीचा चेहरा पांढरा पडला होता, पण बरणी घट्ट होती.

"पोरी, माझं डोकं फुटतंय. वरच्या सगळ्या झडपा बंद आहेत, मी स्वतः बघितल्या. खरं सांग. या विमानात प्रोमाया आहे की नाही?"

तिहोमिर शेवटच्या रांगेतून उठून उभा राहिला होता. उतरताना उभं राहायचं नसतं. रादोयका एरवी त्याला खाली बसवायला तिथूनच ओरडली असती. ती ओरडली नाही. ती पेर्सिदाआजीकडे बघत राहिली. तिच्या जबड्याचा स्नायू हलताना सबंध विमानाला दिसला असेल. नदीकाठचं बालपण, मोडलेला संसार, आयुष्यभर उघडलेल्या हजारो झडपा, सगळं तिने एकदम गिळलं.

"आहे, आजी," ती म्हणाली. "आणि ती इंजिनातून येतेय."

आजीने डोळे मिटले. सगळं जुळलं होतं. "मला वाटलंच," ती म्हणाली. "इंजिनाला पुढून भोक, मागून भोक. मधे दार नको का कोणी लावायला?"

त्यानंतर फार वेळ लागला नाही. कॉर्फूच्या विमानतळावर डॉक्टरांनी त्या मुलीला तपासेपर्यंत पेर्सिदाआजी मुलाशी फोनवर बोलत होती. तिकडून साहेब काय म्हणाले ते कोणाला ऐकू आलं नाही, बहुधा काही म्हणालेच नाहीत. प्रवासी दुसऱ्या विमानाने परत आले. मोजा दोन वैमानिकांनी स्वतः मुखवटे लावून रिकामाच बेलग्रेडला आणला आणि सरळ शेडमध्ये उभा केला. साहेबांचा हुकूम आलेला होता: इंजिन उतरवून आतली प्रोमाया शोधावी.

तिहोमिर नि त्याचे सोबती कामाला लागले. रादोयका रोज येऊन एका उलट्या बादलीवर बसायची. मिस्त्री लोकांनी तिला चहा देताना आधी दरवाज्यांकडे बघायची सवय सोडली नव्हती. तिसऱ्या दिवशी सील निघालं. कडेला झिजलेलं, काळं, चिकट. आणि हवेच्या नळीत आतून तेलाचा थर, कढईला बसतो तसा. तिहोमिरने ते फडक्यावर ठेवून तिच्यापुढे धरलं. तिने हुंगलं नाही. नुसतं पाहिलं.

वुकाशिनसाहेबही बघायला आले. तिहोमिरने त्यांना सील दाखवलं, नळी दाखवली, तेल कुठून कसं शिरतं ते बोट ठेवून दाखवलं. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली, अगदी दोन शहाणे प्रश्नसुद्धा विचारले. मग म्हणाले, "म्हणजे प्रोमाया इथून येत होती."

तिहोमिरने रादोयकाकडे पाहिलं. एक शब्द, आणि ती साहेबांना त्या नळीत घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढेल, असं त्याला वाटलं. ती बादलीवरून उठली, निळा कोट नीट केला आणि म्हणाली, "हो साहेब. इथूनच. आणि बाकीच्या विमानांतही बघायला हवं."

साहेबांनी बाकीच्या विमानांतही बघायला सांगितलं. आणखी एक सील थकलेलं निघालं, तेही बदललं. त्या रात्री तिहोमिरच्या घरी सगळ्यांनी प्लमची दारू घेतली. आधी थोडी मानेला चोळली, मग उरलेली प्यायली. रादोयकाने फक्त प्यायली. खिडकी एकच उघडी होती, आणि ती एकच उघडी राहू दे, असं तीच म्हणाली.

सील बदलल्यावर मोजाला वास राहिला नाही. पुढच्या वसंतात कंपनीने ते विमान विकलं. भिंत धरणारी मुलगी बरी झाली आणि अजून उडते आहे. रादोयकाच्या दोन बोटांच्या मुंग्या गेल्या नाहीत, नावंही मधूनमधून हरवतात. वार्षिक तपासणीत तिला उड्डाणाला अपात्र ठरवलं. आता ती विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसते. त्या खोलीला खिडकी नाही.